लिनक्स कर्नलमध्ये एक्स.२५ चा (जुना पॅकेट नेटवर्क प्रोटोकॉल) आधार कसा सुरू करायचा? मेनूत पर्याय सापडतो, पण पुढे इंटरफेसच दिसत नाही.

'नेटवर्किंग ऑप्शन्स'मध्ये एक्स.२५ पॅकेट लेयर आणि एलएपीबी (त्याच्या खालचा डेटा-लिंक थर) हे दोन्ही पर्याय मॉड्यूल (गरजेप्रमाणे लोड होणारा कर्नलचा भाग) म्हणून निवडा, कर्नल पुन्हा कंपाइल करा आणि त्याखाली एक ड्रायव्हरही द्या. तुम्ही बहुधा फक्त पहिला पर्याय निवडला आहे. तो केवळ पॅकेटचा थर देतो. फ्रेम पोचवायचं, हरवली तर पुन्हा पाठवायचं काम एलएपीबीचं, आणि तेही कुठल्या तरी उपकरणावरच चालतं. हाताशी खरी लाइन नसेल तर 'वॅन इंटरफेसेस'मधला 'एलएपीबी ओव्हर इथरनेट' घ्या. मॉड्यूल लोड झालं की 'एलएपीबी०' असा इंटरफेस दिसेल. ही सोय दोन लिनक्स यंत्रांमध्ये प्रयोग करण्यापुरती. जुन्या सिंक्रोनस लाइनसाठी तसं कार्ड आणि एचडीएलसी (अशा लाइनवर फ्रेम पाठवायची पद्धत) ड्रायव्हरमधला एक्स.२५ चा पर्याय लागतो.

कंपाइल करण्याआधी बूट फोल्डरमधली कॉन्फिग फाइल बघा, मॉड्यूल आधीच असू शकतं. उबुंटू मात्र दुर्मिळ प्रोटोकॉलची मॉड्यूल सुरक्षेसाठी आपोआप लोड होऊ देत नाही, त्यामुळे ते 'मॉडप्रोब' या कमांडने स्वतः लोड करावं लागतं. (हौशी रेडिओवाल्यांचा एएक्स.२५ हा वेगळा प्रोटोकॉल, तो पर्याय निवडून इथे काही होणार नाही.)

कर्नलमधल्या या पर्यायांची माहिती कॉन्फिग मेनूतल्या मदतीच्या मजकुरात आहे. एक अडचण उरते: समोर सिस्को राउटर टीसीपीवरून एक्स.२५ बोलत असेल, म्हणजे १९९४ च्या आरएफसी १६१३ या इंटरनेट दस्तऐवजाप्रमाणे, तर मुख्य कर्नलमध्ये त्याची सोय नाही, वेगळा डीमन (पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्राम) शोधावा लागेल.