सावली विकू नका

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र दोनदा वाचलं. बाबा म्हणतात रोबस्टा जातीच्या कॉफीला भाव आहे, ती लावू, कॉफीवर सावली धरणारी वरची झाडं लाकूडवाल्याला देऊन बाग मोकळी करू. भाऊ म्हणतो युरियाशिवाय पीक निम्म्यावर येतं. आणि तू विचारतेस, "मावशी, चार एकरांत सेंद्रिय कॉफी परवडते का?" आधी मला सांग, लाकूडवाल्याकडून इसार घेतलाय का? घेतला असेल तर परत करा. सावली विकू नका.

युरियाऐवजी शेणखत घातलं की झाली सेंद्रिय शेती, असं तुला कोणीतरी सांगितलेलं दिसतं. आपल्या कर्नाटकातल्या मुडिगेरे भागात अरेबिका जातीची कॉफी विषाशिवाय टिकते ती वरच्या झाडांच्या जिवावर. खोडकिडीचंच बघ. तिचा भुंगेरा एप्रिल-मेमध्ये उडतो आणि पुन्हा ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि त्याला उन्हात उघडी पडलेली झाडं हवी असतात. मादी सालीच्या भेगांत अंडी घालते. अळी एकदा खोडात शिरली की औषध तिच्यापर्यंत पोचत नाही, झाड उपटून जाळावंच लागतं. फणस, उंबर पाडून ऊन आत घेतलंत तर ही कीड तुम्ही स्वतः बोलावलीत. मग फवारे आले, मग कर्ज आलं, आणि सेंद्रियचं नावही कोणी काढणार नाही.

वाटणी झाल्यावर माझ्या दिरांनी त्यांच्या बाजूची मोठी झाडं काढली. पहिली काही वर्षं त्यांचं पीक असं आलं की घरात मीच अडाणी ठरले. पुढे रांगाच्या रांगा पिवळ्या पडल्या आणि त्यांनी जमीन विकली. मी त्यांना थांबवू शकले नाही, याचं वाईट अजून वाटतं. दोघांच्या बागेत बांध एक, पाऊस एक. फरक सावलीचा होता.

सावली राखायची म्हणजे बागेत अंधार करायचा नाही, हेही समजून घे. खालच्या थरातल्या पांगाऱ्याच्या फांद्या पावसाळ्याआधी उतरवायच्या. नाहीतर जूनपासूनच्या ओलीत पानांवर तांबेरा बसतो, काळी कूज येते. तांबेऱ्यासाठी मोरचूद-चुन्याचं अर्धा टक्का बोर्डो मिश्रण सेंद्रियच्या नियमांत मर्यादेत चालतं. उतरवलेला पाला तिथेच बुंध्याशी पडू दे, तेच खत, तेच तणावर पांघरूण. फांदी छाटणं वेगळं आणि झाड पाडणं वेगळं. बाबांना दोन्ही एकच वाटतंय, आणि इतकी वर्षं बाग केलेल्या माणसाला वाटावं याचा मला राग येतो.

आता रोबस्टा. तिला ही खोडकीड लागत नाही, हे बाबांचं खरं आहे. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलोऱ्याचा पाऊस चुकला तर तिला तुषार सिंचन लागतं. तुमच्याकडे ना विहीर ना तळं. पाणी कुठून आणणार? शिवाय आज लावलेलं रोप फळाला यायला तीन-चार वर्षं. तेव्हाचा भाव आज कोण सांगणार? २००१-०२ ला कॉफीचे भाव जगभर कोसळले तेव्हा तू लहान होतीस. त्या वर्षांत आमच्या घरी चूल पेटली ती काळ्या मिरीवर, आणि मिरीचे वेल चढले होते याच झाडांवर, जी तुम्ही आता तोडायला निघालात!

माझी लेक इंजिनिअरिंगला गेली त्या वर्षी लाकूडवाला आमच्याही दारात आला होता. एका सौद्यात चारही वर्षांची फी निघाली असती. मी नाही म्हटलं. तिनं बँकेचं कर्ज काढलं, नोकरीची पहिली कितीतरी वर्षं ते फेडलं, आणि अजूनही बागेचा विषय निघाला की ती गप्प होते. मला ते लागतं. तरीही मी तेच केलं असतं. फी एकदा भरायची होती. उंबर पुन्हा तेवढा व्हायला माझं उरलेलं आयुष्य पुरलं नसतं. हे तुला पटवतेय की तिला, देव जाणे, पण सावली विकायची नाही म्हणजे नाही.

सेंद्रियच्या प्रमाणपत्रासाठी एकटीनं धावू नकोस, खर्च झेपणार नाही. शेजारच्या छोट्या बागायतदारांचा गट कर. बाग सेंद्रिय ठरायला, म्हणजे रूपांतरणाला, तीन वर्षं जातात. तेवढ्यात कोणी चोरून एक पोतं युरिया टाकलं की सगळं मुसळ केरात, म्हणून माणसं पारखून घे. फळं लाल झाल्यावरच तोडा. सहा किलो फळांतून जेमतेम एक किलो बी निघतं, त्यात हिरवी मिसळून चवीचं वाटोळं करू नका. बाकी काही अडलं तर बाळेहोन्नूरचं कॉफी संशोधन केंद्र जवळच आहे. १९२५ पासून तिथे हेच काम चाललंय, जाऊन विचार.

परवडतं का, याचं माझं उत्तर असं: तोडलेल्या बागेत नाही परवडत. सावलीतल्या बागेत घर चालतं, चैन होत नाही.

मार्च लागलाय. भुंगेरा उडण्याआधी एकेक झाड बघून घ्या. खोडावर वळ उठलेली, पानं पिवळी पडलेली झाडं मुळासकट काढा. ती बांधावर रचून ठेवू नका, त्याच दिवशी जाळा. किती निघाली ते मला कळव.

तुझी,
मावशी