लाटेकमध्ये जपानी फॉन्ट बसवताना

लाटेक म्हणजे आज्ञा लिहून छपाईची पानं जुळवणारी प्रणाली. तिच्यात जपानी फॉन्ट पहिल्यांदाच बसवताय ना? मग मॅप फायलींच्या (कुठल्या नावाला कुठला फॉन्ट हे सांगणाऱ्या फायली) भानगडीत पडूच नका, सरळ लुआलाटेक घ्या, म्हणजे संगणकावरचे फॉन्ट थेट वापरणारं लाटेकचं रूप. त्यात जपानी मजकुरासाठी असलेल्या लुआटेक-जेए पॅकेजात काहीच न सांगता हारानो आजी हा जपानी फॉन्ट लागतो (टेक लाइव्ह या लाटेकच्या संचाच्या 2020 च्या आवृत्तीपासून), त्यावर आधी एक पान काढून बघा. ते नीट आलं की मगच आपला फॉन्ट लावा. नेहमीच्या सेटमेनफॉन्ट या आज्ञेने फक्त रोमन अक्षरं बदलतात. जपानीसाठी सेटमेनजेफॉन्ट ही वेगळी आज्ञा आहे. इथे सगळेच अडखळतात, मीही दोन संध्याकाळी घालवल्या.

नोटो हा गूगलचा फुकट फॉन्ट घेणार असाल तर नावात शेवटी जेपी (म्हणजे जपानी) आहे ना, हे डोळ्यात तेल घालून बघा, नाहीतर अक्षरं चिनी वळणाची येऊ शकतात. उदाहरणार्थ 'सरळ' या अर्थाची 'चोकु' ही कांजी (जपानीत वापरलं जाणारं चिनी मुळाचं अक्षर) घ्या: जपानी वळणात डावीकडे खाली काटकोनात वळणारी रेघ असते, चिनी वळणात ती नसते. युनिकोड क्रमांक (संगणक अक्षर ओळखतो तो) मात्र दोन्हींचा एकच, त्यामुळे एरर येत नाही. जपानी वाचकाला खटकतं तेवढंच.

फुकटचे सुलेखनी फॉन्ट शीर्षकापुरतेच ठेवा. बऱ्याच फॉन्टांत कमी वापरातल्या कांजी नसतात, ठळक वजनही नसतं. आणि इटॅलिक शोधत बसू नका, जपानीत जोर द्यायला अक्षरांशेजारी टिंबं देतात.