दिवाळीआधी सगळं घर न रंगवता, दोन रविवारांत स्वतःच्या हाताने काय काय रंगवता येईल?

तुम्ही लिहिलंय की वन बीएचके आहे, रंगाऱ्याने सांगितलेला आकडा परवडत नाही, आणि भिंती मळल्यात पण अगदीच वाईट नाहीत. मग भिंती तूर्त सोडा. दारं, चौकटी आणि खिडक्यांचे ग्रिल रंगवा. घर जुनाट दिसतं ते बहुतेक वेळा कडीपाशी काळवंडलेल्या दारामुळे आणि गंजलेल्या गजांमुळे. आमच्याकडे एवढंच केलं तरी पाहुणे विचारतात, "रंग काढलात वाटतं?"

पहिला रविवार दारांना द्या. आधी साबणाच्या पाण्याने दार पुसून हातांचा तेलकटपणा काढा, नाहीतर रंग धरत नाही. वाळलं की 120 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. जुना रंग उतरवायचा नाही, त्याची चकाकी मोडली की पुरे. टवके उडाले असतील तिथे लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरा, ती सुकली की पुन्हा हलका पेपर मारा. कडी-कोयंडा, नावाची पाटी निघत असेल तर काढा, नसेल निघत तर मास्किंग टेप लावा. मग ऑइल पेंटचे दोन पातळ हात. कडा आणि नक्षी ब्रशने, सपाट भाग फोमच्या लहान रोलरने. घाईत एकच जाड हात दिला की ओघळ येतात, आणि ते पुढची पाच वर्षं दिसत राहतात. दोन हातांमध्ये एक रात्र जाऊ द्या. मुख्य दार मात्र सकाळीच रंगवा. संध्याकाळी रंगवलंत तर रात्री ते लावायचं कसं? ओला रंग चौकटीला चिकटतो.

इमारत जुनी असेल तर घासण्याबद्दल एक गोष्ट गंभीरपणे घ्या. घरगुती रंगांमध्ये शिशाचं प्रमाण 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90 भाग) जास्त नसावं हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. त्यामुळे असा रंग कोरडा घासू नका. वॉटर पेपर आणा, पाण्यात बुडवून घासा, नाकावर मास्क ठेवा, लहान मुलांना त्या दिवशी आजीकडे पाठवा. खाली पडलेला लगदा झाडूने न झाडता ओल्या फडक्याने टिपून घ्या.

दुसरा रविवार ग्रिलला. हे सगळ्यात कंटाळवाणं काम, पण फरकही तिथेच जास्त दिसतो. सुटलेला गंज तारेच्या ब्रशने काढा, उघड्या पडलेल्या लोखंडावर रेड ऑक्साइड, म्हणजे गंज रोखणारा प्रायमर, लावा, तो नीट वाळला की वर ऑइल पेंट. पांढरा ग्रिल रस्त्याच्या धुळीत महिनाभरही टिकत नाही असं माझं मत, करडा किंवा चॉकलेटी घ्या. बाहेरून दिसणाऱ्या रंगाबाबत सोसायटीचा नियम असेल तर आधी विचारा.

एखादी भिंत करायचीच असेल तर सोफ्यामागची एक करा. दहा बाय दहाची भिंत म्हणजे 100 चौरस फूट. इमल्शनच्या (पाण्यात कालवायच्या भिंतीच्या रंगाच्या) दोन हातांना साधारण एक लिटर लागतो. शेड कार्डावरचा तुकडा पाहून रंग ठरवू नका, सगळ्या भिंतीवर तो गडद वाटतो. सर्वात लहान डबा आणून पुठ्ठ्याच्या मोठ्या तुकड्यावर लावा आणि दिवसा व ट्यूबलाइटमध्ये, दोन्ही वेळा बघा. पावसाळ्यात त्या भिंतीला ओल आली होती का, तेही पाहा. प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून भिंतीवर एक दिवस चिकटवा. आतल्या बाजूला थेंब जमले तर त्या भिंतीत अजून पाणी आहे. तिथे आत्ता रंग लावलात तर पोपडे सुटणार, कितीही महागाचा आणा.

किचनच्या टाइल्स रंगवायचं विचारलंत. ओट्यामागच्या तरी नको. तिथे वाफ, तेल आणि रोजचं पुसणं, त्यात घरी लावलेला रंग सालटं सोडतो. टाइल्सच्या सांध्यांत नवीन पांढरं ग्राउट भरा, अर्ध्या खर्चात काम होईल.

वेळ उरलाच तर बाल्कनीतल्या मातीच्या कुंड्यांना गेरू द्या. पाण्यात कालवताना थोडं फेव्हिकॉल टाकलं की हाताला लागत नाही आणि पाणी घालताना लगेच उतरतही नाही. कुंड्यांना ऑइल पेंट मी लावत नाही, त्याने मातीची छिद्रं बुजतात. तुळशीच्या कुंडीवर पांढऱ्या रंगाने चार ठिपके काढायचं काम मुलांना द्या.

ऑइल पेंटचे ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुवा आणि ते टर्पेंटाइन बेसिनमध्ये ओतू नका. उरलेल्या डब्यांवर शेडचा नंबर आणि कुठे लावला ते मार्करने लिहून ठेवा. पुढे एखादा ओरखडा उठला की तोच रंग शोधत दुकानं पालथी घालावी लागणार नाहीत.