दीड एकराची शेड आणि पावसाच्या पाण्याचे दोन परवाने

तुमच्या पत्रात खरे तर तीन प्रश्न एकत्र आले आहेत, म्हणून आधी ते सुटे करतो. मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरजवळचा शीट मेटलचा छोटा कारखाना तुम्ही आणि तुमच्या मेव्हण्यांनी विकत घेतला आहे आणि त्यामागच्या दीड एकर मोकळ्या जागेवर तुम्हाला शेड वाढवायची आहे. कॉन्ट्रॅक्टरचे म्हणणे असे की, एका वेळी पाऊणच एकर खणले तर पावसाच्या पाण्याचा परवाना लागत नाही. दुसरे असे की, कारखान्याचे सगळे काम छपराखाली चालते, त्यामुळे तिथेही सूट मिळावी अशी तुमची अपेक्षा आहे. आणि टाउनच्या कॉन्झर्व्हेशन कमिशनची ऑर्डर हातात असताना आणखी कोणाला विचारायचे कारण काय, हा तिसरा प्रश्न. न्यू इंग्लंडमध्ये सतरा वर्षे याच कामात असल्याने थोडक्यात सांगतो: पहिल्याचे उत्तर ‘नाही, परवाना लागतोच’, दुसऱ्याचे ‘कदाचित, पण मागचे अंगण पाहिल्याशिवाय नाही’, आणि तिसऱ्याचे असे की, ती ऑर्डर राज्याच्या पाणथळ जमिनींच्या कायद्याखालची आहे, तिचा या परवान्याशी संबंध नाही.

तिसऱ्यापासून सुरुवात करतो. अमेरिकेचा क्लीन वॉटर अॅक्ट १९७२ चा. नळातून किंवा चरातून नदीत काही सोडायचे असेल तर परवाना हवा, हे त्याचे मूळ तत्त्व. पावसाचे पाणी त्यात स्पष्टपणे आले ते १९८७ च्या दुरुस्तीने. १९९० च्या नियमांनी कारखाने आणि पाच एकर किंवा त्याहून मोठी बांधकामे पकडली आणि १९९९ च्या नियमांनी ती मर्यादा एक एकरावर आणली. तुमच्या अंगणात पडलेला पाऊस कॅच बेसिनमध्ये, म्हणजे पाणी उतरण्याच्या जाळीच्या खड्ड्यात, उतरून पाइपाने ओढ्यात जातो, तेव्हा कायद्याच्या दृष्टीने ते आभाळातले पाणी राहत नाही, तो तुमचा विसर्ग ठरतो. बहुतेक राज्ये हे परवाने स्वतः देतात. मॅसॅच्युसेट्स, न्यू हॅम्पशायर, न्यू मेक्सिको अशा मोजक्या ठिकाणी मात्र ईपीए, म्हणजे केंद्र सरकारची पर्यावरण संस्था, ते थेट देते. म्हणून टेक्सास किंवा न्यू जर्सीतल्या मित्राचा अर्ज समोर ठेवून भरू नका. तिथले उंबरठे, मुदती आणि अर्ज सगळेच वेगळे आहे.

तुम्ही भोसरीत कारखाना चालवला आहे, त्यामुळे एक फरक आधीच लक्षात घ्या. आपल्याकडे प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे ‘कन्सेंट’साठी अर्ज करायचा, मंडळाने तुमच्या कारखान्यापुरत्या अटी घालून संमती द्यायची, अशी रीत आहे. इथे जनरल परमिट म्हणजे सर्वांसाठी आधीच छापून ठेवलेला एकच परवाना, साधारण पाच वर्षांच्या मुदतीचा. तुम्ही एनओआय, म्हणजे त्याखाली येत असल्याची सूचना, दाखल करून त्यात शिरता. साइट पाहायला आधी कोणी येत नाही. तुमच्या जागेपुरत्या अटी कोण लिहितो, तर तुम्हीच, ‘स्विप’ नावाच्या प्रदूषण-प्रतिबंधक आराखड्यात. पुढे तपासनीस येतो तेव्हा त्याच्या हातात कायद्याचे पुस्तक नसते, तुमचाच आराखडा असतो.

हे मी ठेच खाऊन शिकलो. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका साइटचा आराखडा मी आधीच्या कामाचा नमुना घेऊन दोन दिवसांत उरकला. तपासणीला आलेल्या बाईंनी पाने उलटत शांतपणे विचारले, ‘‘आग्नेय कोपऱ्यातला सेडिमेंट बेसिन दाखवता का?’’ आमच्या आग्नेय कोपऱ्यात पोर्टेबल टॉयलेट होते. बेसिन, म्हणजे गाळ खाली बसवायचा खड्डा, त्या जुन्या साइटवर होता. गंमत अशी की, आमच्या साइटला बेसिनची गरजच नव्हती. तो लिहिला नसता तर कोणी मागितला नसता. लिहून न केल्यामुळे मात्र उल्लंघनाची नोंद झालीच. म्हणून कन्सल्टंटने दीडशे पानांचे बाड पाठवले तर खूश होऊ नका. त्यातली जी गोष्ट तुमचा फोरमन करणार नाही, ती आधी खोडा किंवा करायची व्यवस्था लावा.

आता पाऊण एकराची युक्ती. बांधकामासाठीच्या परवान्यात ‘कॉमन प्लॅन’ अशी कल्पना आहे: एकाच योजनेचे टप्पे कितीही पाडले तरी उकरलेल्या जमिनीची बेरीजच धरतात. नकाशावर एक शेड, एक मंजुरी, एक कर्ज असताना पाऊण अधिक पाऊण दीडच होतात. शिवाय मातीचा ढीग, साहित्य उतरवण्याची जागा, डंपरसाठी काढलेली कच्ची वाटही त्या क्षेत्रात मोजली जाते. पाच एकरांखालच्या कामाला पावसाच्या धूपक्षमतेच्या, म्हणजे पाऊस माती किती वाहून नेऊ शकतो त्याच्या, आकड्यावरून सूट आहे, पण कामाच्या काळातला हा आकडा पाचाच्या खाली असावा लागतो. इथे तो अगदी थोड्या आठवड्यांच्या कामालाच जमतो, आणि तुमचे वेळापत्रक एप्रिल ते नोव्हेंबर आहे.

अर्ज कोणी करायचा, यात बहुतेक लोक चुकतात. नकाशे आणि तपशील बदलण्याचा अधिकार ज्याचा तो ऑपरेटर, आणि साइटवर रोजचे नियंत्रण ज्याचे तोही ऑपरेटर. म्हणजे तुमची कंपनी आणि कॉन्ट्रॅक्टर, दोघांनीही आपापली एनओआय भरायची. आराखडा दोघांत एकच चालतो. ईपीएच्या २०२२ च्या कन्स्ट्रक्शन जनरल परमिटप्रमाणे एनओआय काम सुरू होण्याआधी किमान १४ दिवस दाखल व्हावी लागते, आणि तोवर आराखडा तयार असावा लागतो. खरा वेळ खाणारा भाग त्याच्याही आधीचा: जागेवर संरक्षित प्राणी-वनस्पतींचा किंवा ऐतिहासिक वास्तूंचा प्रश्न नाही, याची तपासणी कागदावर दाखवावी लागते. झाडे तोडायची असतील तर वटवाघळांच्या विणीचा हंगाम आड येऊ शकतो. जेसीबी सोमवारी येणार आणि शुक्रवारी मला फोन, असे दरवर्षी दोन-तीन जण करतात.

साइटवर काय पाहतात? सगळ्यात आधी सिल्ट फेन्स, म्हणजे गाळ अडवणारे कापडी कुंपण, आणि ती बहुधा चुकीचीच असते. काळे कापड खुंट्यांना स्टेपल करून जमिनीवर टेकवले की पाणी खालून निघून जाते आणि वर कुंपण अगदी छान उभे दिसते. कापडाची खालची कड चरात पुरून माती धोपटून बसवायची, आणि कुंपण उताराला आडवे, समपातळीत न्यायचे. मी जाऊन कापड दोन बोटांनी वर ओढून पाहतो. सहज वर आले तर पुढचे काही पाहायची गरज उरत नाही. गाळ कुंपणाच्या निम्म्या उंचीपर्यंत चढण्याआधी काढायचा. काँक्रीटच्या गाडीचा चुट (काँक्रीट ओतायची पन्हाळ) धुण्यासाठी अस्तर घातलेला खड्डा ठेवायचा, कारण ते दुधाळ पाणी इतके अल्कधर्मी असते की कॅच बेसिनमधून ओढ्यात गेले तर मासे तगत नाहीत.

तपासणी दर ७ दिवसांनी, किंवा दर १४ दिवसांनी आणि शिवाय पाव इंच वा अधिक पाऊस झाल्यापासून २४ तासांत. पाणी शेवटी ज्या प्रवाहाला मिळते तो गाळाने किंवा नायट्रोजन-फॉस्फरसने आधीच बिघडलेल्यांच्या यादीत असेल तर दोन्ही करावे लागते: दर ७ दिवसांनीही आणि पावसानंतरही. वूस्टरचे पाणी ब्लॅकस्टोन नदीला जाते, त्यामुळे ती यादी पाहिल्याशिवाय सोपा पर्याय निवडू नका. इथला बर्फही नियमात आहे: २४ तासांत सव्वातीन इंच किंवा अधिक बर्फ पडून तो वितळून वाहू लागला तर तेही पावसासारखेच धरतात.

ज्या भागात १४ दिवस किंवा जास्त काम होणार नाही, तिथली उघडी माती लगेच झाकायला घ्यायची. पाच एकरांपर्यंतच्या कामात ती पुढच्या १४ दिवसांत आणि वर सांगितलेल्या बिघडलेल्या प्रवाहांपाशी ७ दिवसांत पूर्ण झाकली पाहिजे. काम संपले की परवाना आपोआप संपत नाही. स्थानिक नैसर्गिक आच्छादनाच्या तुलनेत ७० टक्के बारमाही हिरवळ धरली, तात्पुरती कुंपणे काढली, मग समाप्तीची सूचना द्यायची. इथे ऑक्टोबर उलटून गेल्यावर पेरलेले गवत धरत नाही, आणि मग साऱ्या हिवाळाभर तपासणीचे पैसे मोजत बसावे लागते. वेळापत्रकात गवताची तारीख आधी टाका आणि तिथून मागे या.

आता तुमचा चालू कारखाना. जुन्या मालकाकडे परवाना होता असे तुम्ही लिहिले आहे; तो विक्रीबरोबर आपसूक तुमच्याकडे येत नाही, नव्या चालकाला स्वतःची सूचना द्यावी लागते. तुमचे काम कारखान्यांसाठीच्या मल्टी-सेक्टर जनरल परमिटच्या एए सेक्टरमध्ये, म्हणजे धातूच्या तयार वस्तूंमध्ये, बसेल. त्यातून बाहेर राहण्याची वाट म्हणजे ‘नो एक्स्पोजर’चे, म्हणजे पावसाला काहीच उघडे नसल्याचे, प्रमाणपत्र. त्या अर्जात अकरा प्रश्न आहेत आणि एकाचेही उत्तर ‘हो’ आले तर सूट नाही. सूट पूर्ण कारखान्याला मिळते किंवा मिळत नाही. अर्ध्या आवाराला मिळत नाही, आणि दर पाच वर्षांनी ती नव्याने घ्यावी लागते.

घट्ट बंद, न गळणारे आणि तोटी नसलेले पिंप बाहेर चालते. झाकणाचा, न गळणारा कचऱ्याचा डबा चालतो. तयार पत्र्याचे ट्रेसुद्धा बहुधा चालतील. पण तुम्ही पाठवलेल्या फोटोत मागच्या दाराशी स्क्रॅपचा उघडा हॉपर, म्हणजे धातूच्या चिप्सची मोठी पेटी, आहे, आणि त्याच्या खालून कॅच बेसिनकडे गेलेला तपकिरी ओघळ मला घरबसल्या दिसतो. त्या चिप्सना कूलंट चिकटलेले असते आणि प्रत्येक पावसात ते थोडे थोडे उतरते. छपरावरच्या धुराड्याभोवती भुकटी साचत असेल तर तोही त्या अकरांतला एक प्रश्न आहे. हॉपर आत घेतला किंवा त्यावर कायमचे छप्पर घातले, ओघळ धुऊन ते पाणी गोळा करून नेले, तर प्रमाणपत्रावर सही करता येईल. नुसती ताडपत्री ओढून सही करू नका. ती सही शपथेच्या तोडीची आहे.

छप्पर परवडत नसेल तर पूर्ण परवाना घ्या, त्यात काही आभाळ कोसळत नाही. दर तिमाहीत एकदा पाऊस सुरू असताना, आउटफॉलमधून, म्हणजे पाइपाच्या बाहेरच्या तोंडातून, पाणी वाहू लागल्यापासून पहिल्या अर्ध्या तासात काचेच्या बरणीत नमुना धरायचा: रंग, वास, गढूळपणा, फेस, तेलाचा तवंग. मी बरणीमागे पांढरा कागद धरतो. नुसत्या डोळ्यांना स्वच्छ वाटलेले पाणी त्यावर चहाच्या रंगाचे निघते. त्याखेरीज प्रयोगशाळेत अॅल्युमिनियम, जस्त आणि नायट्रेट-नायट्राइट तपासतात. जस्त वाढलेले निघाले की सगळे यंत्रांकडे बोट दाखवतात, पण पुष्कळदा ते डोक्यावरच्या गॅल्वनाइज्ड पत्र्यातून येते. बेंचमार्कचा, म्हणजे तुलनेसाठी ठरवून दिलेला, आकडा ओलांडणे हा गुन्हा नाही. ओलांडूनही काही न करणे हा आहे.

दंडाबद्दल तुमच्या मेव्हण्यांनी विचारले आहे. कायद्यातली कमाल रक्कम महागाईप्रमाणे वाढत एका उल्लंघनाला दिवसाला ६० हजार डॉलरच्या वर गेली आहे. प्रत्यक्षात लहान कारखान्याला तेवढा दंड लागत नाही; पण २००८ मध्ये सेंटेक्स, केबी होम, पुल्टे आणि एमडीसी या चार गृहबांधणी कंपन्यांनी याच नियमांवरून मिळून ४३ लाख डॉलरच्या आसपास भरले होते. तुम्हाला सरकारइतकीच भीती नागरिकांच्या दाव्याची असावी: ६० दिवसांची नोटीस देऊन नदीकाठची एखादी संस्था थेट कोर्टात जाऊ शकते, आणि तुमचे अहवाल ईपीएच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. वकिलाची फी दंडापेक्षा जड जाते.

या आठवड्यात पाऊस आहे. छत्री घेऊन अर्धा तास मागच्या अंगणात उभे राहा, पाणी कुठून कुठे जाते ते हाताने कागदावर काढा, आणि प्रत्येक कॅच बेसिनचा पाइप कुठे उघडतो ते टाउनच्या सार्वजनिक बांधकाम खात्याला विचारा. तो कागद आणि हॉपरचे माप मला पाठवा. छप्पर स्वस्त पडेल की परवाना, ते त्यावरून सांगतो. कॉन्ट्रॅक्टरला मात्र आजच कळवा की त्यांची एनओआय त्यांनाच भरायची आहे.