आमदारकी ११ वेळा, पण ५५ वर्षं नव्हे: सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांचा निवडणुकीचा हिशेब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: गणपतराव देशमुख नक्की किती वेळा आमदार झाले, कारण कुठे १० लिहिलंय तर कुठे ११, ते कधी हरले होते का, आणि सर्वाधिक वेळा आमदार होण्याचा देशातला विक्रम खरंच त्यांचा आहे का?

आधी सरळ उत्तर देतो. ११ वेळा. हरले दोनदा, १९७२ आणि १९९५ साली. महाराष्ट्रातला विक्रम त्यांचा, देशातला नाही. आता जरा बैजवार सांगतो, कारण या माणसाबद्दल नेटवर जे फिरतं त्यातलं निम्मं एकमेकांचं बघून उतरवलेलं असतं.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला तालुक्यातलाच. आमच्या घरात शेकापचं, म्हणजे गणपतरावांच्या शेतकरी कामगार पक्षाचं, वातावरण नव्हतं, वडील पक्के काँग्रेसचे. पण त्यांना निकाल लिहून ठेवायची खोड होती. उधारीच्या वहीची मागची पानं त्यांनी त्यासाठी राखून ठेवली होती: साल, आला कोण, पडला कोण, फरक किती. त्या पानांवर 'ग. दे.' ही दोन अक्षरं इतक्यांदा येतात की पुढेपुढे वडिलांनी तीही लिहायचं सोडून नुसती खूण केलीय.

गणपतराव मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे. शेकापच्या तिकिटावर १९६२ साली सांगोल्यातून पहिल्यांदा निवडून आले. महाराष्ट्र राज्य होऊन दोन वर्षं झालेली, राज्याची ती पहिलीच विधानसभा निवडणूक. १९६७ ला परत आले. १९७२ ला पडले. १९७४ च्या पोटनिवडणुकीत पुन्हा निवडून आले. त्यानंतर १९७८, १९८०, १९८५, १९९० असे ओळीने चार विजय. १९९५ ला पराभव. मग १९९९, २००४, २००९ आणि २०१४. मोजा, ११ भरतात.

१० आणि ११ चा घोळ होतो तो १९७४ मुळे. निवडणूक आयोगाच्या सार्वत्रिक निवडणुकांच्या अहवालांत पोटनिवडणुका नसतात. त्यामुळे ते अहवाल समोर ठेवून कुणी बेरीज केली की एक विजय गळतो आणि उत्तर १० येतं. दुसरं कारण म्हणजे २००९ च्या बातम्या. तेव्हा खरोखरच दहावा विजय होता आणि तो आकडा सगळीकडे छापून आला. ती जुनी पानं अजून शोधात वर येतात.

आता '५५ वर्षं आमदार' या वाक्याकडे वळू. हे वाक्य मी भाषणात ऐकलंय, श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर वाचलंय, आणि दरवेळी मनात बोटं मोजलीत. हे ५५ आलं कुठून? ११ गुणिले ५, दुसरं काही नाही. पण प्रत्येक खेप पाच वर्षांची नव्हती. १९७४ ला ते अर्ध्यात आले, ती विधानसभा आणीबाणीमुळे लांबली तरी ती खेप साडेतीन-चार वर्षांच्या पुढे जात नाही. १९७८ ची विधानसभा तर दोनच वर्षं टिकली. फेब्रुवारी १९८० मध्ये इंदिराबाईंनी शरद पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार बरखास्त केलं, विधानसभाही गेली. सरळ हिशेब मांडा: १९६२ ते ७२ दहा वर्षं, १९७४ ते ९५ साधारण २१, १९९९ ते २०१९ वीस. म्हणजे ५० आणि वर थोडं. पन्नास वर्षं एका तालुक्याने एका माणसाला निवडून देणं ही काय लहान गोष्ट आहे? वर चार-पाच वर्षं चिकटवायची गरज नाही.

त्या पन्नासातली सत्तेतली वर्षं किती, हेही बघण्यासारखं आहे. १९७८ ला पुलोद सरकारमध्ये मंत्री, आणि १९९९ ला विलासराव देशमुखांच्या सरकारमध्ये मंत्री. दुसऱ्या वेळी २००२ मध्ये शेकापने पाठिंबा काढला आणि मंत्रिपद गेलं. दोन्ही मिळून जेमतेम चार वर्षं. उरलेला सगळा काळ विरोधी बाकावर. आपल्याकडे 'सत्तेत नसलेला आमदार काय कामाचा' असं लोक तोंडावर म्हणतात. अशा राज्यात हे जमलं कसं, हा खरा प्रश्न आहे आणि तो तुम्ही विचारला नाहीत, पण थोडं सांगतोच.

शेकापची स्वतःची अवस्था आधी बघा. १९६७ ला पक्षाचे १९ आमदार होते, १९७२ ला ७ झाले, १९७८ ला पुन्हा १३, आणि मग उतरण लागली. १९९९ ला ५, २०१४ ला ३. रायगड आणि सांगोला सोडलं तर बाकी ठिकाणी पक्ष वाळत गेला. म्हणजे पक्षाच्या लाटेवर आबा (गणपतरावांना आमच्याकडे आबाच म्हणतात) निवडून येत होते असं म्हणायला जागाच नाही. उलट बऱ्याचदा पक्षाला विधानसभेत तोंड दाखवायला आबा होते.

सांगोला म्हणजे कायमचा दुष्काळी तालुका. पाऊस आला तर आला. इथल्या राजकारणात पाणी, चारा, रोजगार हमीची कामं आणि नंतर डाळिंब, एवढेच विषय. कृष्णेचं पाणी दुष्काळी तालुक्यांना मिळावं म्हणून आटपाडीला पाणी परिषद भरायची. नागनाथअण्णा नायकवडींबरोबर आबा तिथे असायचेच. तेरा तालुक्यांतली माणसं यायची. टेंभू-म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचं पाणी यायला पिढी गेली, आणि आलं तेही सगळीकडे नाही, यावरून आमच्याकडे अजून भांडणं होतात. आबांनी आणखी रेटायला हवं होतं असं म्हणणारे गावोगाव आहेत. माझे वडील त्यातलेच एक. पण तेच वडील सूतगिरणीचा विषय निघाला की गप्प बसायचे. कापूस पिकत नाही अशा तालुक्यात आबांनी शेतकरी सहकारी सूतगिरणी काढली आणि ती नीट चालवली. आजूबाजूला सहकारी संस्था एकामागून एक आजारी पडत असताना ही चालली, हे विरोधकही नाकारत नाहीत.

एसटीने फिरण्याचं मात्र जरा जास्त झालंय. ते एसटीने फिरायचे हे खरं, आम्ही पाहिलंय. सांगोला स्टँडवर पांढरा सदरा, हातात कागदांची पिशवी, आणि पिशवीतला अर्धा माल म्हणजे लोकांचे अर्ज. कुणी जागा द्यायला उठलं तर आधी त्याला गाव विचारायचे, मग त्याच्या चुलत्याचं नाव सांगायचे. पण साधेपणावर एखादी निवडणूक निघते, अकरा नाही निघत. त्यामागे गावागावातली कार्यकर्त्यांची बांधणी होती, धनगर समाजाचा भक्कम आधार होता, आणि वेळ पडेल तशी मोठ्या पक्षांशी जुळवून घेण्याची तयारीही होती. दोनदा मंत्री झाले ते आघाडीतूनच ना! त्यांना नुसते साधुपुरुष करून ठेवणं मला पटत नाही. मतांचं गणित त्यांना फार चांगलं कळत होतं.

आता पराभव. १९७२ चा समजायला सोपा आहे. बांगलादेश युद्ध नुकतंच संपलेलं, इंदिरा गांधींची हवा, राज्यभर काँग्रेस. सांगोल्यात काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे आले. त्या हवेत बरेच दिग्गज गेले, आबाही गेले.

१९९५ चा गमतीचा आहे. त्या वर्षी राज्यात काँग्रेसचा धुव्वा उडाला, ८० जागांवर आली, शिवसेना-भाजप युतीचं सरकार झालं. आणि नेमक्या त्याच वर्षी सांगोल्यात काँग्रेसचा माणूस निवडून आला: शहाजीबापू पाटील. किती मतांनी? १९२. होय, एकशे ब्याण्णव. तेव्हा मतपत्रिका होत्या, गठ्ठे बांधून हाताने मोजणी. मी शाळेत होतो. रात्री वडील घरी आले ते जिंकलेल्या पक्षाचे, पण चेहरा असा की कुणी गेलंय. आईने विचारलं तर म्हणाले, "आलो गं, पण म्हातारा पडला." म्हातारा म्हणजे आबा, तेव्हा सत्तरीच्या जवळ आलेले. वहीत त्या १९२ भोवती दोन गोल काढलेत. दुसऱ्या कुठल्याच आकड्याला तो मान नाही.

सगळ्यांना वाटलं, झालं, आता घरी बसतील. १९९९ ला परत आले आणि पुढची सलग वीस वर्षं शहाजीबापू पुन्हा पुन्हा पडत राहिले. २०१४ ला बापू शिवसेनेकडून होते, देशात मोदींची हवा होती, आणि ऐंशीच्या पुढचे आबा २५ हजारांच्या आसपास फरकाने आले. (हेच ते बापू, ज्यांची 'काय झाडी, काय डोंगार' ही गुवाहाटीची फोनवरची टेप २०२२ ला सगळ्या देशाने ऐकली. आमच्याकडे त्यांना लोक त्याआधीपासून ओळखतात, ते जिद्दीने पडण्यासाठी आणि एकदाचे निवडून येण्यासाठी.)

२०१९ ला आबा वयामुळे थांबले. नातू अनिकेत देशमुख उभे राहिले आणि शहाजीबापूंकडून ७६८ मतांनी हरले. आता एक निरुपयोगी पण भारी गोष्ट: ७६८ म्हणजे १९२ ची बरोबर चौपट. मला हे वहीत शेवटची ओळ लिहिताना दिसलं. वडिलांना सांगितलं तर म्हणाले, "गणिताचा मास्तर झाला असतास तर बरं झालं असतं." ३० जुलै २०२१ ला आबा सोलापुरात गेले. २०२४ ला दुसरे नातू बाबासाहेब देशमुख शेकापकडूनच उभे राहिले आणि शहाजीबापूंना हरवून आले, फरक पुन्हा २५ हजारांच्या घरात. त्या विधानसभेत शेकापचे ते एकटेच.

राहिला देशातला विक्रम. २००९ ला 'तमिळनाडूच्या करुणानिधींच्या दहा विजयांची बरोबरी' अशा बातम्या आल्या होत्या. पण करुणानिधी १९५७ पासून लढत होते आणि २००६ पर्यंत त्यांचे ११ झालेले होते, पुढे २०११ आणि २०१६ धरून १३. ते वेगवेगळ्या मतदारसंघांतून, हे मान्य. मग एकाच मतदारसंघाची अट लावली तर? केरळात पाला इथून के. एम. मणी १९६५ पासून २०१६ पर्यंत १३ वेळा निवडून आले. १९६५ ची विधानसभा भरलीच नव्हती, ती वगळली तरी १२ राहतात. केरळातल्याच पुतुप्पळ्ळीचे काँग्रेसचे ओमन चंडी १९७० ते २०२१ मध्ये १२ वेळा. म्हणजे आबांचे ११ देशात पहिले नाहीत. मात्र 'एकच मतदारसंघ आणि एकच पक्ष' अशी अट लावलीत तर पारडं आबांकडे झुकतं. कारण मणींचा पक्ष १९७९ ला फुटून वेगळा झाला आणि चंडीही १९८० च्या सुमारास काँग्रेसच्या दुसऱ्या गटात होते. आबा १९६२ ला शेकाप आणि २०१४ लाही शेकाप.

महाराष्ट्रात मात्र त्यांच्या जवळ कुणी नाही. वडाळ्याचे कालिदास कोळंबकर २०२४ ला नवव्यांदा निवडून आले, पण शिवसेना, काँग्रेस, भाजप असा तीन पक्षांतून प्रवास करून. ११ ला गाठायचं तर आणखी दोन निवडणुका लागतील.

तुम्ही स्पर्धा परीक्षेसाठी विचारलं असेल तर ११ लिहा आणि १९७४ लक्षात ठेवा. पर्यायांत '५५ वर्षं' दिसलं तर प्रश्न काढणाऱ्यानेही फ्लेक्सवरूनच उतरवलंय समजा, तिथे माझा इलाज नाही.