सिरीयलचं वेड माणसाच्या आयुष्यावर खरंच एवढा परिणाम करतं का?

करतं की, आणि फक्त रिकामटेकड्यांवरच करतं असं नाही. 'होणार सून मी ह्या घरची' २०१३ ला आली तेव्हा जान्हवीचं ते तीन पदरी मंगळसूत्र आठवतंय का? दादरला रानडे रोडवर त्याची कॉपी टांगलेली असायची, लेडीज डब्यात विकायला यायचं, आणि आमच्या ऑफिसातल्या निम्म्या बायकांनी घरचं सोन्याचं कपाटात ठेवून ते शेपाचशेवालं घातलेलं. म्हणजे खर्च, फॅशन सगळ्यावर परिणाम झालाच ना.

उलटंही होतं बरं का, 'क्योंकि सास भी कभी बहू थी' मधला मिहीर मेला तेव्हा लोकांनी इतका कल्लोळ केला की त्याला परत जिवंत करावं लागलं 😄

याला पॅरासोशल नातं म्हणतात, हॉर्टन आणि वोल या दोन संशोधकांनी १९५६ मध्येच मांडलंय, आपल्याला ते पात्र घरचं वाटतं, त्याला मात्र आपला पत्ताच नसतो. एकट्या माणसाला याचा आधारच होतो. आमच्या बिल्डिंगमधल्या काकू, मुलं परदेशात, रोज आठ वाजले की शेजारणीला हाक मारून बोलावतात, एपिसोड अर्धा तास आणि त्यावर चर्चा एक तास, मला तर त्यात काहीच वाईट दिसत नाही. पण व्हिलनचं काम करणारीला इन्स्टावर जाऊन घाणघाण शिव्या घालणारे असतात त्यांचं काय करायचं, ती बिचारी तिचं काम करतेय, स्क्रिप्ट तिने लिहिलीय का?