वाचक विचारतात : स्पेनचा नाताळ आणि त्याचे शब्द

प्रश्न (एक वाचिका, विलेपार्ले) : आम्ही काही जणी स्पॅनिश शिकतो. तोंडी परीक्षेत ‘स्पेनमधील नाताळ’ या विषयावर बोलावे लागणार आहे. शुभेच्छा देता येतात. त्यापलीकडच्या शब्दांची यादी पाठ करावी का?

उत्तर : यादीऐवजी दिनदर्शिका समोर ठेवावी. स्पेनमधील हा हंगाम २५ डिसेंबरला आटोपत नाही, तो ६ जानेवारीपर्यंत चालतो आणि त्यातले बहुतेक शब्द एकेका तारखेला बांधलेले असतात.

सुरुवात २२ डिसेंबरच्या ‘लोतेरीआ दे नाबिदाद’ने, म्हणजे नाताळच्या सोडतीने होते. ही सोडत १८१२ साली कादिथ शहरात पहिल्यांदा निघाली. आज माद्रिदच्या सान इल्देफोन्सो शाळेतील मुले तिकिटांचे क्रमांक आणि बक्षिसाच्या रकमा चक्क गाऊन जाहीर करतात. पहिल्या बक्षिसाला ‘एल गोर्दो’, म्हणजे ‘लठ्ठ्या’, असे नाव आहे. पूर्ण तिकीट महाग असल्यामुळे लोक त्याचा दहावा हिस्सा, ‘देथिमो’, विकत घेतात. सोडत तिकडे सकाळी नऊला, म्हणजे मुंबईत दुपारी दीडला सुरू होते, आणि मोठ्या संख्या कानाने ओळखण्यासाठी याहून चांगला फुकटचा सराव मला माहीत नाही.

२४ डिसेंबरची रात्र ‘नोचेबुएना’ आणि ३१ची ‘नोचेब्येखा’. परीक्षेत गफलत होते ती इथेच. पहिलीला घरचे सगळे जेवायला जमतात आणि पानात बदाम व मधाचे ‘तुर्रोन’ येते : आलिकान्तेचे कडक, अख्ख्या बदामांचे, तर खिखोनाचे वाटून मऊ केलेले. दुसरीला माद्रिदच्या पुएर्ता देल सोल चौकातील घड्याळाच्या बारा ठोक्यांबरोबर बारा द्राक्षे, ‘ऊबास’, खायची असतात. ठोक्यांना ‘कांपानादास’ म्हणतात. त्यांच्या आधी ‘क्वार्तोस’ हे चार जोडठोके पडतात आणि नवखा माणूस नेमका तेव्हाच पहिले द्राक्ष तोंडात टाकतो. परीक्षकाला एवढा बारकावा सांगितलात, तर पुढचा प्रश्न तो आपणहून हसत विचारील.

मधल्या २८ डिसेंबरला एकमेकांची फजिती करायची पद्धत आहे. अशा थट्टेला ‘इनोथेन्तादा’ म्हणतात. एप्रिल फूल ठाऊक असणाऱ्यांना याहून अधिक सांगायला नको.

खरी मौज मात्र ५ जानेवारीच्या संध्याकाळची. बाळ येशूला भेटी घेऊन पूर्वेकडून आलेल्या तीन राजांची, म्हणजे मेल्चोर, गास्पार आणि बाल्तासार यांची मिरवणूक, ‘काबाल्गाता’, रस्त्यांवरून निघते आणि मुलांवर गोळ्या-चॉकलेटांची उधळण होते. रात्री मुले आपले बूट बाहेर काढून ठेवतात; कित्येक घरांत राजांच्या उंटांसाठी पाणीही ठेवले जाते. सांताक्लॉज आता तिथेही पोहोचला असला, तरी भेटवस्तूंची मुख्य वाट परंपरेने ६ तारखेलाच पाहिली जाते. त्या दिवशीच्या ‘रोस्कोन’ या कड्याच्या आकाराच्या गोड पावात एक छोटी मूर्ती आणि वालाचा एक दाणा दडवलेला असतो. मूर्ती ज्याच्या वाट्याला येते त्याच्या डोक्यावर कागदी मुकुट चढतो आणि दाणा ज्याला मिळतो त्याने पावाचे पैसे भरायचे असतात.

शुभेच्छा देताना ‘फेलिथ नाबिदाद’ एकवचनी आणि ‘फेलिथेस फिएस्तास’ अनेकवचनी, हा फरक सांभाळावा. वर्ग लॅटिन अमेरिकी उच्चारांचा असेल, तर ‘थ’च्या जागी ‘स’ म्हणावा.

प्रश्न (एक वाचक, ठाणे) : आमच्या कार्यालयाचे ग्राहक मेक्सिकोतील आहेत. हेच शब्द तिथे चालतील का?

उत्तर : बरेचसे चालतील, पण ‘आगिनाल्दो’ जपून वापरावा. स्पेनमध्ये त्याचा जुना अर्थ आपल्या दिवाळीच्या पोस्तीजवळ जातो. मेक्सिकोत तो कायद्याने बंधनकारक असलेला वार्षिक बोनस आहे, किमान १५ दिवसांच्या पगाराइतका आणि २० डिसेंबरपूर्वी द्यावयाचा. तेव्हा डिसेंबरच्या मध्यावर ग्राहकाने हा शब्द काढला, तर तो बहुधा बोनसबद्दल बोलत असतो. १६ ते २४ डिसेंबर या नऊ संध्याकाळच्या ‘पोसादास’, म्हणजे मरिया आणि योसेफ यांनी आसरा शोधल्याच्या आठवणीच्या मिरवणुका, हा तिथला खास सोहळा; कार्यालयातील वर्षअखेरीच्या पार्टीलाही हेच नाव पडले आहे. ‘नोचेबुएना’ म्हणजे तिथे लाल पानांचे पॉइन्सेटियाचे झाडही. आणि सहा जानेवारीच्या पावातून, ज्याला तिथे ‘रोस्का’ म्हणतात, बाहुली ज्याच्या वाट्याला येईल, त्याने २ फेब्रुवारीला सगळ्यांना तामालेस, म्हणजे मक्याच्या पिठाचे वाफवलेले सारण भरलेले उंडे, खाऊ घालायचे, असा रिवाज आहे.